सुरमईची मधली तुकडी

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग काही गेलेला नाही. तुझ्या ऑफिसवरचा. अजून डोळ्यांसमोर येतं: नाहूरच्या आपल्या स्वयंपाकघरात शाळकरी मी ओट्याशी उभी आहे, तव्यावर सुरमई चरचरतेय आणि तू मधल्या जाड तुकड्या उचलून स्वतःच्या डब्यात भरतेस. ऑफिसातल्या मैत्रिणींसाठी. माझ्या ताटात शेपटी. मी तोंड वाकडं केलं की तुझं ठरलेलं, "शेपटेकडची गोड लागता गो." खोटं! काट्यांशिवाय असतं काय तिच्यात? एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून तू मला अंधेरीला ऑफिसात घेऊन गेलीस. तिथे डबा उघडून तू टेबलावर हात आपटत हसत होतीस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. घरी कधी हसलीस अशी? मी तेव्हाच ठरवलं, आपण असली आई व्हायचं नाही.

म्हणून घरून काम चालू ठेवायचं का, असं कंपनीने विचारलं तेव्हा मी ठासून हो म्हटलं. झालं काय? घरी आहे म्हणजे रिकामीच आहे, असं सगळ्यांनी धरलं. मीटिंगमध्ये मी बोलतेय आणि सासूबाई दारातून, "अगं, कुकर लावतेस ना?" नवरा म्हणतो, "तू घरीच आहेस ना, गॅसवाला येईल, बघ जरा." त्यात आता साहेबांना माणसांचं प्रेम आलंय. आठवड्यातून तीन दिवस या म्हणे, एकत्र बसा. डोंबलाचं एकत्र! स्वतःची खुर्चीसुद्धा नाही, रोज मोबाईलवर जागा पकडायची आणि कानात बोळे घालून दुसऱ्या शहरातल्या माणसांशी बोलायचं. पँट्रीत पाटी, मासे आणू नयेत. चांगलं होतं तेवढं ऑफिस तुम्ही वापरून गेलात, आमच्या वाट्याला हे.

जिन्यात मात्र आम्ही तिघी बसतो, दुसऱ्या टीममधल्या दोघी आणि मी, चोरून मासे खायला. तिथे मी मोठ्याने हसते. काल माझा घरून कामाचा दिवस होता, तरी गेले. साहेबांनी बोलावलंय, अशी घरी थाप मारली. निघताना लेकीने ताटात बघून विचारलं, "मधली कुठेय?" डब्याचं झाकण लावता लावता माझ्या तोंडून निघालं, "शेपटीकडची गोड लागते गं." तिने तोंड वाकडं केलं.

हे ऐकून तू टेबलावर हात आपटून हसली असतीस. बरंय, तुला पोचणार नाही.