म्हशीच्या बोळाचा इतिहास

सांगली,
आषाढ, १९४९

तीर्थरूप हरिबामामांच्या पायांवर नाथाजीचं डोकं. तुमची मान आता दोन्हीकडं वळते का? मामींच्या गुडघ्यांना मी धाडलेलं तेल लागू पडलं असल्यास कळवावं, आणखी धाडतो. नसल्यासही कळवावं, म्हणजे मीही ते लावायचं बंद करतो. आमच्याकडं सारं ठीक. गिरणी चालते, तुमची भाचेसून चंद्रा बोलते, पोरगी सुला लग्नाची झाली आणि पाऊस येतो तो सरळ घरात येतो.

तुम्ही आमच्या बोळात एकदाच आला होता, तेव्हा त्याची रुंदी तुम्हाला सांगायला नको. दोन म्हशी समोरासमोर आल्या की एकीनं मागं सरायचं असतं, आणि म्हैस मागं सरत नसल्यामुळं याला म्हशीचा बोळ म्हणतात. याहून जास्त इतिहास त्याला मागच्या उन्हाळ्यापर्यंत नव्हता. एका बाजूला माझी पिठाची गिरणी, तिच्यामागं आमचं घर, शेजारी अंबूबाईची खानावळ. समोर पलटणीतून पेन्शनीत आलेले सुभेदार भाऊसो. साऱ्या इमारती अशा, की बांधणाऱ्यानं आपलं नाव कुठं कोरलं नाही हे त्याचं शहाणपण.

संस्थान विलीन झालं आणि नवी नवी खाती उगवली. त्यातल्या गल्ली सुधार खात्यानं ठरवलं की आगीचा बंब जाण्यासाठी बोळ रुंद करायचा आणि त्याकरता एक बाजू पाडायची. (विझवायला घरं शिल्लक लागतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.) कोणती बाजू? तर जिच्यात ऐतिहासिक वास्तू नसेल ती. त्या दिवसापासून भाऊसोंनी आणि मी एकमेकांची तंबाखू घ्यायचं बंद केलं.

भाऊसोंच्या दारात लिंबाखाली एक चौथरा आहे. त्यावर बसून ते रोज दाढी करत. एका सकाळी त्याला चुना फासलेला, वर झेंडूचा हार. चौकशी करता कळलं, की कुणा सरदाराची घोडी लढाईत जखमी होऊन इथवर आली आणि पडली, तिची ही समाधी. मी विचारलं, "भाऊसो, सरदार कोन?" ते म्हणाले, "घोडी इमानी व्हती, नाथाजी. शेवटपतुर तिनं मालकाचं नाव फोडलं न्हाई."

आता मी गप्प बसणार होतो का? गिरणीच्या भिंतीत एक मोडकं जातं बसवलेलं आहे, टाकीचे घाव असलेलं. तो शिलालेख ठरला. (कुणालाच वाचता येत नाही, तेव्हा फार जुना असणार.) आणि आमच्या खापरपणजोबांनी एकट्यानं हा बोळ शत्रूविरुद्ध लढवला, असं मी जाहीर केलं. बोळ एकट्याला अडवता येण्याइतका अरुंद आहे, एवढं त्यातलं खरं. अंबूबाई म्हणाली, "आवं, माज्याकडं कोन जेवलं व्हतं ते सांगा, म्हंजे मी तसं बोलीन." मी दिल्लीच्या बादशहाचा वकील सुचवला. त्यानं दुसऱ्यांदा पिठलं मागितलं, ही भर तिची.

पंधरवड्यात बायका घोडीला नवस बोलू लागल्या. आमची चंद्रा दाढदुखीसाठी फेऱ्या घालताना सापडली. म्हटलं, "अगं, भाऊसो तिथं दाढी करत व्हता." ती म्हणाली, "करत आसंल. माजी दाढ दुखायची ऱ्हायली का न्हाई?"

मग खात्याचे साहेब आले. आपल्यातलेच, तासगावचे, पण शिकले साताऱ्याला तुमच्या हाताखाली. तुमचं नाव काढताच त्यांचा हात आपोआप कानाकडं गेला. घोडीपाशी त्यांचे डोळे भरून आले. जात्यापुढं त्यांनी टोपी काढली. पिठलंही दोनदा मागितलं. आणि हुकूम निघाला की दोन्ही बाजू ऐतिहासिक, बोळ आहे तसा राखायचा. कौल बदलायचं नाही, भिंत लिंपायची नाही, खिळा मारायचा नाही. त्या संध्याकाळी भाऊसोंनी आणि मी एकमेकांना पेढा भरवला.

नंतर पाऊस लागला. भाऊसो खाटेखाली झोपू लागले. मी छत्री धरून दळतो, आणि गिऱ्हाईक पीठ न्यायला येतं ते मळलेली कणीक घेऊन जातं. गिरणीची भिंत पोटातून फुगली आहे. डागडुजीची परवानगी मागितली, तर कळलं की पडायला आलेल्या वास्तूचं मोल अधिक असतं. चंद्राचं आणि सुलाचं अंथरूण त्याच भिंतीला लागून असतं. मामा, थट्टा बाजूला ठेवून सांगतो, मला भीती वाटते.

शेवटी भाऊसो आणि मी साहेबांकडं गेलो आणि सारं खरं सांगून टाकलं. त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि म्हणाले, "थोर घराण्यातली माणसं अशीच विनयी असतात." भाऊसो वाटेत म्हणाले, "गड्या, खोटं इतकं बी चांगलं बोलू न्हाई."

असो. मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो ओला होऊ नये एवढीच इच्छा.

तुमचा भाचा,
नाथाजी

ता. क. पत्राचं कारण लिहायचं राहिलं. साहेब आमचं खरं मानत नाहीत, पण तुमचं मानतील. त्यांना एवढं कळवा, की शिलालेख हे जातं आहे, घोडी कधी नव्हतीच, आणि आमच्या खापरपणजोबांनी उभ्या जन्मात पोळ्याला बैल पुढं काढण्यावरूनसुद्धा कुणाशी भांडण केलं नाही.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार एवढ्यात साहेबांच्या मातोश्री येऊन गेल्या. त्यांच्या धाकट्या मुलासाठी त्यांनी आमच्या सुलाला मागणी घातली. "लढवय्यं घरानं हाय, आमाला दुसरं काय नको," म्हणाल्या. तेव्हा साहेबांना फक्त घोडी खोटी असल्याचं कळवा. (मग पाडायची बाजू समोरची ठरेल, हे भाऊसोंना मी सांगितलेलं नाही.) भिंतीला बांबूचा टेकू दिला आहे, चंद्रा आणि सुला अंबूबाईकडं झोपतील. खापरपणजोबांना मात्र अक्षता पडेपर्यंत लढू द्या.