‘खाली करा!’

तीर्थरूप मामांना,

दोन्ही पाय जमिनीला टेकवून बसलेल्या तुमच्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला (जो तुम्हाला नाही असं तुम्ही सांगता) थांबला का? इकडे आम्ही तिघंही खुशाल आहोत. म्हणजे मी आणि बाबा खुशाल आहोत आणि आई माझ्याशी बोलत नाही.

आधी तुमच्या पँटबद्दल. गोदामात मला कात्रीच्या लिफ्टवर नेमलं, हे मी घरी सांगितलं, तेव्हा आईच्या कानात फक्त कात्री शिरली आणि पोरगा शिवणकामाला लागला असं तिने साऱ्या नात्यात कळवून टाकलं. म्हणून तुम्ही उंची कमी करायला पाठवलेली पँट आली तशीच पडून आहे. मामा, ही कात्री कापड कापत नाही. लोखंडी पट्ट्यांच्या फुल्या एकावर एक रचलेल्या असतात, त्या उघडत गेल्या की वरचा कठडेवाला पाट माणसासकट छताला भिडतो. तिथे उभं राहून दिवे बदलायचे, पत्रे तपासायचे. ऐकायला सोपं वाटतं, पण परीक्षा घेऊन माणूस निवडतात, आणि पास मी एकटाच झालो (बाकीचे आलेच नव्हते, पण तो त्यांचा दोष).

रोज सकाळी मी तिच्याभोवती फेरी मारतो. चाकं बघतो, कठडा हलवून बघतो, तेल गळतंय का, जमीन सपाट आहे का, वर विजेच्या तारा कुठे आहेत, सगळं बघतो. मगच आत शिरून दार लावतो आणि पट्टा अडकवतो. हात पुरत नाही म्हणून कठड्यावर पाय देत नाही, आत स्टूल ठेवत नाही (एका इलेक्ट्रिशियनने ठेवलं होतं, तो आता बसून करायचं काम करतो). मुकादम म्हणतात, तुझं चढून होईपर्यंत दिवा कंटाळून आपणहून लागेल. म्हणोत बापडे!

तर परवा मी छताजवळ असताना खाली कोणीतरी खोक्यांची ढकलगाडी लिफ्टला टेकवली आणि नेमकं लाल बटण दाबलं गेलं. यंत्र ठप्प. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, कारण खालच्या माणसाने बुडाशी असलेली दांडी ओढली की लिफ्ट अलगद उतरते. खालचा माणूस म्हणजे मुकादम. ते आपल्याच नादात खोकी रचून घेत होते. मी ओरडलो, “मुकादम, खाली करा! लवकर खाली करा!” मला म्हणायचं होतं, मला खाली घ्या. मुकादमांनी ऐकलं, गोदाम खाली करा. छताजवळचा माणूस बोंबलतोय म्हणजे छतच येतंय, असा त्यांनी अर्थ लावला, घंटा बडवली आणि सगळे दाराकडे सुटले. मी जितका जीव तोडून “खाली करा” ओरडलो, तितके लोक जोरात पळाले. माझा शब्द इतक्या माणसांनी इतक्या तत्परतेने पाळल्याची ही पहिलीच वेळ.

छताच्या झरोक्यातून बाहेरचं आवार दिसत होतं. साहेब माणसं मोजत होते आणि एक कमी भरत होता. आमच्या शेजारच्या काकू (त्या पॅकिंगला आहेत) डोळे पुसत होत्या. मुकादम सांगत होते, असा काळजीने काम करणारा मुलगा पुन्हा मिळायचा नाही. माझा भूतकाळ झालेला मी वरून ऐकत होतो, आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं. हाका मारून घसा बसला होता. लिफ्टच्या फुल्या शिडीसारख्या दिसतात, त्यांना धरून सहज उतरता येईल असं वाटतं. एक पाय उचललाही. पण बाबा शिडीवरून पडल्यापासून आई त्यांच्या पायात रोज मोजे घालून देते, ते डोळ्यांसमोर आलं. पाय परत आत घेतला, पट्टा चाचपला आणि उभा राहिलो. मामा, तेव्हा मला माझा फार अभिमान वाटला. मी उतरलो, तो अजून उतरलेला नाही.

शेवटी मुकादम नियम मोडून विसरलेला डबा न्यायला आत आले, वर बघून दचकले आणि माझ्यावरच खेकसले, “अरे, सगळे बाहेर गेले, तू इथे काय करतोस?” मी मोठ्या शांतपणे म्हणालो, “मुकादम, ती दांडी ओढा.” साहेबांनी आधी आम्हा दोघांना झापलं, मग लिफ्टवर पाटी लावली: ‘उतरवा’ म्हणावे, ‘खाली करा’ म्हणू नये. कामावरून शब्द काढून टाकायला लावणारा आपल्या घराण्यात मीच पहिला.

मामींना नमस्कार, आणि तुमचा आशीर्वाद असू द्या.

तुमचा भाचा

ता. क. खरं काम पुढेच आहे. काकूंनी आईला सांगितलं, तुमचा मुलगा वर अडकला आणि गोदाम खाली करावं लागलं. (दोन्ही खरं, म्हणून तर मला बोलता येईना.) आईने सोमवारपासून कामावर जायचं नाही असं बजावलंय. इकडे आई, तिकडे नोकरी, कात्रीत सापडलोय. तिला तुमचाच शब्द पटतो. फोन करून समजवा. मला हे काम मनापासून आवडतं.

ता. क. दुसरा. पाकीट आणायला गेलो तेवढ्यात आईने पत्र वाचलं. दोनदा वाचलं. माझ्याशी बोलली नाही, पण खाली स्वतः लिहिलंय:

दादा, हा सोमवारी जाईल. तू फोन करायची गरज नाही. वहिनी सांगत होती, गच्चीवरची टाकी धुवायला तू अजून एकटाच शिडी लावून चढतोस. हे पडले तेव्हा उचलायला तू होतास. तुला कोण उचलणार आहे? टाकीला हात लावू नकोस. रविवारी याला पाठवते, पट्टा घेऊन. तोच चढेल, तू खाली शिडी धरून उभा राहा.