संमतीचा कागद

कळमेश्वर, ९ जुलै २०२५

ती. मिनलताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन पोलिसांनी तपासासाठी ठेवून घेतला, म्हणून कागदावर लिहितो. तू वकील, तूच सांग काय करू. माझ्या सहावीतली नूपुर अपूर्णांक फार सुरेख समजावते. ती फळ्यापाशी शिकवतानाचा व्हिडिओ मी इंटरनेटवरच्या माझ्या पानावर टाकला. गणवेशावर शाळेचं नाव दिसत होतं. बारा हजार लोकांनी पाहिला, मुख्याध्यापक रुपराव सरांनी शाबासकी दिली. पाहणाऱ्यांत तिचा बापही निघाला. त्याच्या मारहाणीला कंटाळून तिची आई ऋतुजाबाई दोन वर्षांपूर्वी लेकीला घेऊन इथे एमआयडीसीत कामाला आली. पत्ता कोणालाच दिला नव्हता. सोमवारी तो फाटकाशी येऊन नूपुरला ओढू लागला, शिपायाने सोडवलं. ऋतुजाबाईंनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली. मी घाबरून व्हिडिओ पुसला आणि माफीचा दुसरा टाकला. भाऊजींना नमस्कार. तुझा लोभ या वेळी जरा जास्त लागेल.

तुझा दुर्गेश

नागपूर, १२ जुलै

चि. दुर्गेश यास अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं, दोन्हीदा डोकं दुखलं. माफीच्या व्हिडिओत तू पोरीचं पूर्ण नाव घेतलंस, हे लिहायला विसरलास. मला तो माझ्याच अशिलाने दाखवला. लेकराचा चेहरा जगापुढे मांडायचा तर पालकांची लेखी संमती घे, असं मी दिवाळीत सांगितलं होतं. तू चकलीची बशी पुढे केलीस. व्हिडिओ पुसल्याचं पोलिसांना आपणहून सांग, नाहीतर पुरावा नष्ट केला म्हणतील. आई विचारते, पोट्टं जेवून राहिलं का बरोबर. जेव. आणि शाळेच्या संगणकावरूनही आता काही टाकू नको रे बापा.

वैतागलेली, पण तुझीच,
ताई

कळमेश्वर, १८ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

रुपराव सरांनी केबिनमध्ये बोलावून एक कागद पुढे ठेवला. ऋतुजाबाईंनी तोंडी होकार दिला होता, असं त्यात लिहिलंय. तारीख जूनची, सही माझी हवी. म्हणाले, तुले नोकरी पाहिजे की नाही, तिच्यापाशी कोणता पुरावा आहे. शाळेने मात्र पोलिसांना कळवून टाकलंय की पान माझं खाजगी, शाळेचा संबंध नाही. माझी कायम नेमणूक अजून व्हायची आहे, ताई. कागद पुढच्या शुक्रवारी मागितलाय. माझं वकीलपत्र तू घेशील ना?

दुर्गेश

नागपूर, २२ जुलै

चि. दुर्गेश यास आशीर्वाद.

आजवर तुझी चूक होती. सही केलीस तर खोटा पुरावा होईल, आणि त्या बाईला तू खोटं पाडशील. एवढंही मी सांगायचं काय गा?

वकीलपत्र घेणार नाही. महिला मदत केंद्राने काल ऋतुजाबाईंना माझ्याकडेच पाठवलं. मी तुझी बहीण, हे आधी सांगितलं. त्या म्हणाल्या, भाऊ तुमचा असू द्या, माह्या नवऱ्याले आवरणारं कोणी पाहिजे मले. त्याच्याविरुद्ध संरक्षणाचा अर्ज मी चालवते आहे. त्यांना विचारूनच हे लिहिते. तुझ्याविरुद्धच्या तक्रारीत मी कोणाच्याच बाजूने नाही. दुसरा वकील बघून दिलाय, त्यांना भेट.

ताई

कळमेश्वर, २ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

सही न करता कागद परत दिला. संमती मागितलीच नव्हती, तोंडीही नाही, असा पोलिसांत जबाब दिला. दुसऱ्या दिवशी शाळेने घरी बसवलं. माझ्याविरुद्धची तक्रार तरीही पुढे चालेल, असं वकील म्हणतात.

काल हजेरीपट जमा करायला गेलो, तेव्हा ऋतुजाबाई नूपुरचा दाखला न्यायला आल्या होत्या. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, पोरगी अपूर्णांक करून राहिली, पण घरात दार लावून.

तिला आता कोणत्या शाळेत घातलं, हे तुला माहीत असेल. मला सांगू नकोस.

राग निवळला की दोन ओळी लिही.

दुर्गेश