‘मो’ आणि ‘धा’

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७.
ही ऑफिसच्या कामाला बाहेरगावी गेली, शनिवारी येईल. जाताना एकच सूचना: शोकेसमधल्या टी-सेटला हात लावू नका.
सेट सासूबाईंचा. त्या गेल्याला वर्ष होत आलं. रविवारी हिची ताई आणि माझे साडू येणार, मग दोघी बहिणी सेट वाटून घेणार. कुठलं कोणाचं हे म्हणे आईनेच ठरवून ठेवलंय.
साडूंना वाटतं, मला एकही काम धड जमत नाही. संकल्प: सेट असा चमकवायचा की साडूंना त्यात स्वतःचं टक्कल दिसेल.
‘हात लावू नका’ म्हणजे नुसता हात. मी ग्लव्हज घालणार आहे.

मंगळवार, ४ मार्च.
चिनी मातीची भांडी धुण्याचे तीन व्हिडिओ पाहिले. विषयावर पकड आली.
धुतलेले कप: शून्य. आजचा दिवस अभ्यासाचा धरायचा.

बुधवार, ५ मार्च. सकाळी ११.
सिंकमध्ये जाड टॉवेल अंथरला, म्हणजे कप आपटणार नाहीत. कोमट पाणी. अंगठी काढून ठेवली. एकदम प्रोफेशनल.

११.४०.
टॉवेल जाळीवर बसला, सिंक तुंबलं, पाणी फ्रिजखाली. खालच्या मजल्यावरच्या बाई तक्रार घेऊन आल्या. पाणी कोमटच आहे, असं त्यांना समजावलं. त्यांचं समाधान झालं नाही. काही लोकांचं होतच नाही.
हिचा फोन. सेट ठीक आहे ना, विचारत होती. म्हटलं, कोरडा ठणठणीत. त्या वेळी एक बशी खरंच कोरडी होती.

गुरुवार, ६ मार्च.
चहाच्या डागांवर खाण्याचा सोडा. डाग गेले. सोनेरी कडाही बऱ्याचशा फडक्यावर आल्या. म्हणजे सोनं खरं होतं! हिला सांगितलं पाहिजे, आनंद होईल. आज नको.
एका कपाचा कान माझ्या हातात राहिला. कप शाबूत आहे. कान चिकटवला, जरा तिरका बसला. तो कप साडूंना द्यायचा.

शुक्रवार, ७ मार्च. दुपारी ४.
मोठा शोध!
प्रत्येक कपाच्या आणि बशीच्या तळाला पेन्सिलीचं एकेक वेडंवाकडं अक्षर. अर्ध्यांवर ‘मो’, अर्ध्यांवर ‘धा’. अर्धा तास डोकं खाजवलं आणि उलगडा झाला. दुकानदाराच्या खुणा! ‘धा’ म्हणजे दहा. ‘मो’ म्हणजे मोफत. दहाला एक, त्यावर एक मोफत.
आणि सासूबाई जन्मभर सांगत होत्या की सेट परदेशातून बोटीने आला. लग्न ठरल्यावर मला यातून चहा दिला, तेव्हा कप दोन्ही हातांनी धरायला लावला होता.
साडूंना कळलं तर सासरची अब्रू गेलीच. आधी खोडरबर, मग सोडा. बारा कप, बारा बशा, दोन तास. एक अक्षर शिल्लक ठेवलं नाही. लोक वरवर चमकवतात, मी तळापर्यंत गेलो. असा जावई मिळायला भाग्य लागतं.

शनिवार, ८ मार्च.
ही आली. दमली होती, लवकर झोपली. मी काही बोललो नाही. सरप्राइज.

रविवार, ९ मार्च. संध्याकाळी ६.
ताईंनी पहिला कप उचलला आणि थेट उलटा केला. मग दुसरा, मग तिसरा. कान, कडा, काही बघितलं नाही. मग हिने बशा उलट्या केल्या.
“आईने लिहिलेलं कुठे गेलं?” हिने विचारलं.
किमती होत्या, पुसल्या, असं म्हणालो. दहा आणि मोफतचा हिशोबही समजावला. साडू खाली बघत राहिले.
‘मो’ म्हणजे मोठी. ‘धा’ म्हणजे धाकटी. शेवटच्या आजारपणात सासूबाईंनी पलंगावर बसून एकेक कप उलटा करून लिहिलं होतं. हात थरथरायचा, म्हणून एका दिवशी दोनच व्हायचे. ताई पेन्सिलीला टोक करून द्यायच्या.
मला फार वाईट वाटलं. तसं म्हणालोही. कोणी ऐकलं की नाही, माहीत नाही.
“ताई, तू सगळाच ने,” ही म्हणाली. “मला कप नको होते गं. तिचं अक्षर हवं होतं.”
साडूंनी एकेक कप वेगळ्या कागदात गुंडाळला आणि खोक्याला दोरी बांधली. गाठ मारेपर्यंत दोरीवर बोट ठेवायला मला सांगितलं.
ते मी नीट ठेवलं.