मळणी यंत्राचा पट्टा

ईट, ५ मार्च १९८१

ती. सौ. आक्कास बलभीमचा नमस्कार.

मी खुशाल आहे, दोन्ही वेळा जेवतो. आईचा खोकला कसा आहे?

दवाखान्यात मलमपट्टी करतो. महिन्यापूर्वी मळणी यंत्राच्या उघड्या पट्ट्यात मालनबाई या मजूर बाईचा पदर गेला, पाठोपाठ हात गेला. यंत्राच्या मालकांना म्हणालो, "पट्ट्यावर जाळी बसवा." ते म्हणाले, "तू जखमा बांध. मशीन माझं हाय."

काल आणखी एकीचा पदर ओढला, थोडक्यात वाचली. माझं डोकं फिरलं. पट्टाच काढून आणला, खाटेखाली ठेवलाय. मालकाचे गडी दाराशी बसलेत. काळजी करू नकोस, कडी मजबूत आहे.

हे मालक म्हणजे सुमनचे वडील. दादांना मागणी घालायला एवढ्यात पाठवू नकोस.

सुमनचा निरोप आलाय, "जाळी बसल्याबिगर पट्टा देऊ नका."

तुझा तापट भाऊ,
बलभीम