वजा केलेलं आकाश

४ फेब्रुवारी
आज भलतंच काहीतरी दिसलं. सरांची दीर्घिका मी नव्या दुर्बिणीच्या निरीक्षणांतून पुन्हा तपासतेय. तिच्या पोटात इतकी धूळ, की साधा प्रकाश बाहेर येतच नाही. अवरक्त तेवढा येतो. त्याचा वर्णपट काढला की आत काय चाललंय ते कळतं. सरांनी बावीस वर्षांपूर्वी सांगितलं — आतला उजेड कृष्णविवराभोवतीचा आहे, नव्या ताऱ्यांचा नव्हे. नवे तारे जन्मताना वर्णपटात एक उंचवटा येतो, तो त्यांच्या आलेखात नव्हताच. माझ्या आलेखात आहे. चांगला ढळढळीत.

५ फेब्रुवारी
यंत्राची चूक नाही. तीनदा बघितलं.

९ फेब्रुवारी
घोळ कळला. वर्णपटातून शेजारच्या रिकाम्या आकाशाचा उजेड वजा करतात. तेव्हा रिकामं म्हणून जे घेतलं, ती दीर्घिकेचीच अंधुक कड होती. तिथेही तारे जन्मत होते. उंचवट्यातून उंचवटा वजा — राहणार काय, कपाळ!

आता सरांना सांगायचं कोणी? मीच. त्यांचं सगळं नाव या एका निष्कर्षावर. नवखी विद्यार्थिनी म्हणून आले तेव्हा शेजारी बसवून आलेख वाचायला शिकवलं या माणसाने.

१२ फेब्रुवारी
गेलेच नाही. सर्दीचं निमित्त केलं. सरांच्या बायकोचा फोन — "अगं, तोंड दाखव की जरा. हे रोज विचारतात, आमची चिमणी कुठाय म्हणून." पंचेचाळिशीची चिमणी!

१५ फेब्रुवारी
सांगितलं एकदाचं. सर कुंड्यांना पाणी घालत होते. आलेख बघितले, चष्मा पुसला, पुन्हा बघितले. मी रडवेली. ते म्हणाले, "छान काम केलंस. छापून टाक." मग आत हाक — "अगं, चिमणीने मला खोटं पाडलं, चहा टाक!" चेहरा असा, जणू बक्षीसच मिळालंय. फार माया वाटली त्यांची.

निघताना मात्र गंभीर झाले. "चूक माझी, असं स्पष्ट लिही. ते आकाश मी निवडलं होतं."

१६ फेब्रुवारी
लेखासाठी तेव्हाची नोंदवही काढली. 'सरांना ताप, रजेवर. रिकामं आकाश मी ठरवून वेधशाळेला कळवलं.' अक्षर माझं. मी साफ विसरले होते. सर विसरले नव्हते.