बिहीची जिन, चाखून

५ जानेवारी, सोमवार

ठरलं. १७ ला मला सत्तर पुरी होतात. हॉटेल नाही, केक नाही. घरीच जेवण. पाटोडीचा रस्सा, भाकरी, वांग्याचं भरीत. आणि त्याआधी सगळ्यांच्या हातात एकेक गिलास, बायकांच्याही. बिहीचा रस आणि जिन. पेरूला इकडे बिहीच म्हणतात. फोनवर व्हिडिओ चार वेळा पाहिला. एक पोट्टी पेरूचा रस काढते, गिलासाच्या काठाला तिखट-मीठ लावते. बस, एवढंच. एवढं तर मी डोळे मिटून करीन.

चाळीस वर्षं थंडीत हे आणि माझे दीर वसंतभाऊजी समोरच्या खोलीत बाटली घेऊन बसायचे. मी आणि शालू जाऊबाई आत भजी तळायचो. "वैनी, अजून एक प्लेट!" प्लेट दाराशी टेबलावर ठेवायची, परत आत. हे जाऊन तीन वर्षं झाली, तळणं थांबलं. पण त्या खोलीत एवढं हसायचे ते कशावर, ते मला अजून ठाऊक नाही.

निखिलला सांगितलं. "मम्मी, आप और जिन?" हो, मी आणि जिन. सून हसली. पूजा बिलासपूरची, मराठी सगळं समजते, बोलत नाही. म्हणाली, "मम्मीजी, गिलास मैं लाऊँगी. लंबे वाले."

६ जाने., मंगळ.

वसंतभाऊजींना आमंत्रणाचा फोन केला. आडून नाही सांगितलं, सरळ सांगितलं.

"वैनी, काय झालं तुमाले? भाऊ असता तर?"

"तर पहिला गिलास त्यांनाच दिला असता."

"ज्या घरी बाया पिऊन राहिल्या, त्या घरी महालक्ष्म्या येत नसतात. यंदा मुखवटे इकडेच राहतील, सांगून ठेवतो."

आणि ठेवला फोन.

मुखवटे पितळेचे, आजेसासूबाईंच्या वेळचे. एक वर्ष पुरानी बस्तीत त्यांच्याकडे, एक वर्ष आमच्या चौबे कॉलोनीत. यंदा भाद्रपदात पाळी माझी. पूजा पहिल्यांदाच स्वतः करणार होती सगळं. साड्यांचे रंगही ठरवून बसली होती.

ज्या वर्षी मुखवटे आमच्याकडे असत, त्या वर्षीही थंडीत बाटली समोरच्या खोलीतच असे. तेव्हा कोणाला विटाळ झाला नाही. मग माझ्याच गिलासानं काहून व्हावा?

जेवण होणार.

८ जाने.

नलूला घेऊन गेले दारूच्या दुकानात. न. माझी रेल्वे कॉलनीपासूनची मैत्रीण, शाळेत गणित शिकवायची, लग्न केलं नाही, कोणाला भीत नाही. तरी दुकानाच्या पायरीवर माझाच हात धरून उभी! काउंटरवाला म्हणाला, "माताजी, किसके लिए चाहिए?" म्हटलं, "मेरे लिए." त्यानं बाटली दोनदा कागदात गुंडाळली. मी तिथंच कागद काढला नि थैलीत उभी ठेवली, मेथीच्या जुडीशेजारी.

१० जाने., शनि.

रंगीत तालीम. बाजारात फळवाली म्हणाली, "ले जा दाई, अब्बड मिठ हे." खूप गोड आहे म्हणे. आतून गुलाबी, पिकून मऊ झालेली बिही. उकडली, बिया काढायला पुरणयंत्र काढलं. निखिल दारात. "मम्मी! पुरण की मशीन में दारू?" म्हटलं, यात फळ जाऊन राहिलं, दारू नाही. डोळे उघडून बघ. लगदा काय सुरेख निघाला, मऊ, एक बी नाही. आलं, लिंबू, काळं मीठ, भाजलेलं जिरं. जिन मोजायला खोकल्याच्या औषधाचं झाकण. वर बर्फ, सोडा. काठाला तिखट-मीठ.

न. नं एक घोट घेतला आणि उठून बेसिनपाशी गेली.

"अगं, समुद्र आहे हा! चाखून नाही बघितलंस?"

"मी कधी चाखत नाही."

"कधी म्हणजे?"

कधी म्हणजे कधीच नाही. अठ्ठेचाळीस वर्षं. देवाला दाखवायच्या आधी जिभेवर काही ठेवायचं नाही, सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वासावर, रंगावर, हाताच्या अंदाजावर केलं सगळं. देवानंतर पुरुषांची पंगत, मग पोरं. माझ्या पानात येईपर्यंत कमी-जास्त कळून उपयोग काय? व्हिडिओतली पोट्टी दर वेळी चमचा तोंडात घालत होती. मी व्हिडिओ तेवढा पुढे सरकवत होते.

न. म्हणाली, "आणि जिन काय देवाला दाखवणार आहेस?"

११ जाने., रवि.

सकाळी सगळे बाहेर असताना केली पुन्हा. गिलास समोर ठेवून किती वेळ उभी. मग लोणच्याचा चमचा घेतला.

आधी तिखट, मग गोड, मग नाकात काहीतरी थंड. झाडपाल्यासारखं. वाईट नाही. मीठ अजून जास्तच. नव्या लगद्यात घातलंच नाही, काठावरचं ठेवलं. पुन्हा चमचा. लिंबू कमी. पुन्हा. चौथ्या चमच्याला जमलं.

काही कोसळलं नाही. रश्शाचा मसाला वाटला तोही चाखला.

१४ जाने., संक्रांत

दरवर्षी वसंतभाऊजी सकाळी स्वतः तिळगूळ घेऊन येतात. आज आले नाहीत. आपल्याकडून निखिलला पाठवलं. दारातूनच परत आला. म्हणाला, "चाचा बोले, रख दो." शालूनं आतून नुसतं पाहिलं म्हणे.

पूजानं विचारलं, "मम्मीजी, जिन कैंसल कर दें? मेरे लिए मत अड़िए, पर महालक्ष्मी..." तिचा चेहरा एवढासा झालेला. मला वाईट वाटलं. ओझं माझं, वाकून राहिली ती.

तिला म्हटलं, मुखवट्यांसाठी गप्प बसले तर उद्या तुलाही त्याच मुखवट्यांसाठी गप्प बसवतील. तिनं जाऊन बर्फाचे ट्रे भरून ठेवले.

१८ जाने., रवि., सकाळ

काल झालं. नीट लिहून ठेवते.

सात वाजता न. आली, खादी सिल्क नेसून. निखिल गुपचूप टेबल समोरच्या खोलीत आणून मांडत होता, यांची खुर्ची आहे तिथं. त्यानं यांची धरून पाच खुर्च्या म्हटल्या होत्या. मी सात लावायला लावल्या. सव्वासातला रिक्शा थांबला. शालू. एकटी! हातात तिळगुळाचा डबा.

"आले मी. ते भनपुरीले गेले आहे गोदामावर. चिठ्ठी ठेवून आले."

"काय लिहिलंस?"

"वैनीकडे जेवायले गेले. वरण गॅसवर आहे, गरम करून घ्या."

न. एवढी हसली की सोफ्यावर आडवी झाली.

मी गिलास भरायला घेतले. शालूला विचारलं, किती टाकू? "तुमी घेता तेवढी." एक झाकण. तिनं काठ चाटला पोरीसारखा, मग घोट. मी तिच्या तोंडाकडे बघत.

"मीठ बरोबर आहे, वैनी."

अठ्ठेचाळीस वर्षांत माझ्या मिठाबद्दल घरच्या कोणी एक शब्द काढला नव्हता, चांगला ना वाईट. डोळे भरले. बर्फ आणायच्या निमित्तानं आत गेले.

मग बसलो. नुसत्या बसलो. शालू तिच्या शाळेतल्या हेडमास्तरांची नक्कल करते हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं!

साडेआठला बेल. वसंतभाऊजी. चप्पल न काढता दारात उभे. खोलीभर बायका, यांची खुर्ची तशीच, आणि शालूच्या हातात गुलाबी गिलास. मी शालूकडे बघत होते. वाटलं, आता ठेवेल खाली, पदर सावरेल, उठेल.

तिनं गिलास ठेवला नाही. घोट घेतला आणि म्हणाली, "वरणाखालचा गॅस बंद केला का?"

"हव," म्हणाले. एवढंच.

मी म्हटलं, "भाऊजी, चपला काढा, बसा. तुमाले नुसता रस देऊ की आमच्यासारखा?"

"भूक लागली," म्हणाले. बसले, दाराजवळच्या खुर्चीवर. यांच्या खुर्चीकडे बघितलं नाही. भाकऱ्या तीन खाल्ल्या, रस्सा दोनदा घेतला. रसाला हात लावला नाही, जिनलाही नाही. मुखवट्यांचं नाव त्यांनीही काढलं नाही, मीही नाही. जाताना पूजा पाया पडली. तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो जरा जास्त वेळ राहिला. की मलाच तसं वाटलं.

२४ जाने., शनि.

शालूचा फोन. विचारलं, काही बोलले?

"नाही. सात दिवस झाले, नाव नाही काढलं. पण मी आज मुखवटे खाली काढले, वैनी. चिंच लावून घासले. त्यायनं पाहिलं. 'आत्ताहून काहून?' म्हणाले. मी म्हटलं, कोणाकडेही गेले तरी चमकत जातील."

बाटली अर्धी उरली. निखिल म्हणाला, कपाटात ठेवू का? म्हटलं, नको. वरच्या फळीवर राहू दे, पापडाच्या डब्याशेजारी, येणाऱ्याला दिसेल अशी. पूजानं साड्यांचे रंग बदललेत. एकीला आता बिहीसारखा गुलाबी.

पुरणयंत्र घासून, पुसून, उन्हात वाळवून ठेवलं. भाद्रपदात त्यात पुरण पडायचं की पुन्हा बिही, तेव्हा कळेल. त्याला दोन्ही चालतं.